प्लीहा जास्त काम करते तेव्हा: काढायची, अर्धी बंद करायची की हातच लावायचा नाही?

आमच्या अण्णांचं प्रकरण दाढेपासून सुरू झालं. खालची उजवी दाढ रात्रभर ठणकत होती. मधुमेह आहे म्हणून दादरच्या डेंटिस्टने आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून आणायला सांगितलं आणि रिपोर्ट बघून अण्णांना चक्क खुर्चीतून उतरवलं. प्लेटलेट ३८,०००. 'आधी फिजिशियनला दाखवा, दाढेचं नंतर बघू.' पुढच्या सोनोग्राफीत दोन गोष्टी निघाल्या: यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, आणि प्लीहा १७.८ सेंमी.

मग तीन आठवड्यांत तीन मतं मिळाली. एक सर्जन म्हणाले, काढून टाकू. दुसऱ्यांनी सांगितलं, मांडीतून नळी घालून अर्धी बंद करता येते, टाके नाहीत. तिसऱ्या डॉक्टरांनी कागद आमच्याकडे परत सरकवले आणि म्हणाले, सध्या काहीच करू नका. घरात आधीचं एक उदाहरण होतं. माझ्या भाचीची प्लीहा नवव्या वर्षी काढलेली, आज पोरगी कॉलेजात जाते. त्यामुळे ताईचं मत ठरलेलंच होतं: 'काढून टाका रे, आमच्या पोरीला काय झालं?'

मी डॉक्टर नाही. दोन्ही वेळेला फाइल मात्र माझ्या हातात होती, आणि प्रश्न विचारायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. ते प्रश्न पुन्हा विचारायची वेळ आली तर ज्या क्रमाने विचारेन, त्या क्रमाने हे लिहितो आहे.

पहिलं: प्लीहा करते तरी काय?

डाव्या बरगड्यांच्या आत, जठराच्या मागच्या बाजूला मुठीएवढा हा अवयव असतो. शाळेच्या पुस्तकात प्लीहा, आमच्या आजीच्या तोंडी पाणथरी. मोठ्या माणसात वजन साधारण १५० ते २०० ग्रॅम, लांबी ११-१२ सेंमीपर्यंत. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हाताऱ्या झाल्या की त्यांतल्या बऱ्याच इथे मोडीत निघतात. शरीरातल्या प्लेटलेटपैकी जवळजवळ एक तृतीयांश इथे साठवलेल्या असतात. प्लीहा फुगली की हे गोदाम मोठं होतं आणि नव्वद टक्क्यांपर्यंत प्लेटलेट आत अडकू शकतात. म्हणजे रिपोर्टमधला आकडा कमी दिसला तरी प्लेटलेट बनतच नाहीत असं नसतं, पुष्कळदा त्या आत अडकून पडलेल्या असतात.

डॉक्टर ज्याला हायपरस्प्लेनिझम म्हणतात त्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात: प्लीहा मोठी, रक्तातल्या एक किंवा जास्त प्रकारच्या पेशी कमी, आणि अस्थिमज्जेत मात्र उत्पादन नीट किंवा नेहमीपेक्षाही जास्त. चौथी खूण उपचारानंतरच कळते, ती म्हणजे प्लीहेचा बंदोबस्त केल्यावर आकडे सुधारणं.

प्लीहेचं आणखी एक काम आहे, आणि निवड करताना सगळं वजन त्यालाच द्यावं लागतं. न्यूमोकोकससारख्या काही जीवाणूंना जाड कवच असतं. ते रक्तात शिरले की त्यांना गाळून काढण्यात प्लीहेचा हात मोठा असतो. ती नसली तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो.

दुसरं: फुगली कशाने, हे कळल्याशिवाय उपचारावर बोलू नका

आम्ही इथेच चुकलो. 'ऑपरेशन बरं की नळीचं बरं' हा वाद घरात रंगला आणि 'झालं कशाने' हे विचारायला कुणी तयार नव्हतं. खरं तर निम्मी निवड कारणच करून देतं.

मुंबईत कारणांची यादी लांब निघते, कारण इथे सगळीकडून माणसं येतात. पावसाळ्यात वारंवार मलेरिया झालेला बांधकाम मजूर असतो. बिहारकडून आलेला आणि महिनोन् महिने ताप अंगावर काढणारा असेल तर काळा आजार डोक्यात ठेवावा लागतो. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत थॅलेसेमियाचा वाहकपणा जास्त आढळतो. पालघर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मुलांमध्ये सिकल सेल. दारू, हेपटायटिस बी किंवा सी, आणि आता वाढत चाललेलं फॅटी लिव्हर, यांतून यकृत कडक होतं (सिरॉसिस), त्याच्या नसेतला दाब वाढतो आणि मागे तुंबलेलं रक्त प्लीहेत भरतं. शिवाय आपल्याकडे एक प्रकार बऱ्यापैकी दिसतो: यकृत ठणठणीत, पण त्याकडे जाणारी पोर्टल नस लहानपणीच गुठळीने बंद झालेली. असं मूल एके दिवशी शाळेतून येतं आणि रक्ताची उलटी करतं. रक्ताचे कर्करोग आणि अस्थिमज्जेचे आजार वेगळेच.

तपासण्यांचा क्रम साधारण असा असतो: सीबीसी आणि सोबत स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरवून डोळ्यांनी बघणं. यंत्र कधीकधी एकमेकींना चिकटलेल्या प्लेटलेट मोजतच नाही आणि आकडा खोटाच कमी दाखवतं, म्हणून स्मिअरशिवाय घाबरू नका. मग यकृताच्या चाचण्या, हेपटायटिस बी आणि सी, पोटाची सोनोग्राफी डॉपलरसकट. डॉपलर हवाच. नसांमधून रक्त कुठल्या दिशेने आणि किती वाहतं हे त्याशिवाय दिसत नाही. यकृताचा संशय असेल तर एंडोस्कोपी, कारण अन्ननलिकेत फुगलेल्या नसा असतील तर पहिला धोका प्लेटलेटचा नसून त्या नसा फुटण्याचा असतो. लाल पेशी फुटत असल्याचा संशय असेल तर हिमोग्लोबिनची खास तपासणी, कूम्ब्स टेस्ट (शरीर स्वतःच्याच लाल पेशींवर उलटलंय का ते बघणारी) वगैरे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षाविज्ञान संस्था आहे, रक्ताचे असे आनुवंशिक गुंते सोडवणं हे तिचं कामच. अस्थिमज्जेची तपासणी सगळ्यांना लागत नाही, पण रक्ताचा चित्रविचित्र रिपोर्ट आला असेल तर ती टाळू नका.

भाचीच्या बाबतीत काचेवर गोल गोल, मध्ये फिकटपणा नसलेल्या लाल पेशी दिसल्या होत्या. स्फेरोसायटोसिस. पेशी जन्मतःच गोल, प्लीहेच्या अरुंद वाटेतून निघताना अडकतात आणि फुटतात. तिथे दोष पेशीचा होता, पण कत्तलखाना प्लीहा होता. अण्णांचं उलटं. दुखणं यकृताचं आणि प्लीहा नुसती भोगत होती. रिपोर्टवर शब्द तोच, 'हायपरस्प्लेनिझम', पण उपचार अगदी वेगळे. ताईला हे पटायला महिना लागला.

तिसरं: काही करायची गरज आहे का?

प्लेटलेट १.५ लाखाच्या खाली गेल्या की आपल्या लोकांना डेंग्यू आठवतो आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. डेंग्यूत आकडा दोन दिवसांत कोसळतो. प्लीहेच्या आजारात तो वर्षानुवर्षं ६०-७० हजारांवर रेंगाळतो आणि माणूस कामावर जात असतो. ५० हजारांच्या वर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. म्हणून नुसत्या आकड्यासाठी प्लीहेला हात लावत नाहीत.

हात लावायची कारणं वेगळी असतात: प्लेटलेट फारच खाली आणि खरोखरच रक्त जातंय, पांढऱ्या पेशी कमी होऊन वारंवार जंतुसंसर्ग होतोय, रक्त चढवण्याची गरज वाढत चाललीय, केमोथेरपी किंवा दुसरा आवश्यक उपचार आकड्यामुळे अडलाय, किंवा प्लीहा एवढी मोठी की दोन घासांत पोट भरतं आणि डावी कूस सतत दुखते.

यकृताच्या रुग्णांसाठी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्लेटलेट बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक, थ्रोम्बोपोएटिन, मुख्यतः यकृतात तयार होतं. यकृत थकलं की हुकूमच कमी निघतो. म्हणजे अण्णांच्या ३८ हजारांना एकटी प्लीहा जबाबदार नव्हती. अशा रुग्णाला ठरलेली एखादी प्रक्रिया करायची असेल तर आधी पाच दिवस घ्यायच्या गोळ्याही आता मिळतात, अ‍ॅव्हाट्रोम्बोपॅग हे त्यातलं एक नाव. अण्णांची दाढ शेवटी प्लीहेला न दुखावताच निघाली. मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागात, सकाळी पहिला नंबर, जखमेत रक्त थांबवणारा स्पंज आणि वर टाका. 'काही करू नका' म्हणणारे तिसरे डॉक्टर तेव्हा बरोबर होते.

थांबायचं ठरलं तरी एक पथ्य पाळायचं असतं. मोठी प्लीहा बरगड्यांच्या खाली उतरलेली असते आणि मार लागला तर फाटू शकते. मोटरसायकल, कुस्ती, कबड्डी, गोविंदाचे थर, सगळं बंद. आणि विरार लोकलमध्ये संध्याकाळी सातला डाव्या कुशीत बसणारा कोपर ही काही गंमत नाही. अण्णांना आम्ही दुपारच्या गाडीने, दाराजवळ उभं न राहता प्रवास करायला लावलं. बाबापुता करून दमलो, शेवटी डॉक्टरांनी दरडावल्यावर ऐकलं.

चौथं: समोर असलेले मार्ग

सगळ्यात कमी बोलला जाणारा मार्ग म्हणजे मूळ आजाराचं औषध. मलेरिया, काळा आजार बरा झाला की प्लीहा हळूहळू आक्रसते. हेपटायटिस सी आता बहुतेकांना गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजारात रक्सोलिटिनिबसारख्या गोळ्यांनी प्लीहा लहान होते. गॉशे या दुर्मीळ आजारात कमी असलेलं विकर (एन्झाइम) सलाइनमधून देतात. आणि यकृताचं प्रत्यारोपण झालं तर पोर्टल दाब उतरतो, प्लीहेचा प्रश्न बहुतेक वेळा मागोमाग सुटतो.

शस्त्रक्रियेने प्लीहा काढणं, म्हणजे स्प्लेनेक्टमी. दुर्बिणीतून असेल तर पोटावर तीन-चार छोटी छिद्रं. प्लीहा आतल्या आत पिशवीत घालतात आणि तुकडे करून बाहेर ओढतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ही पद्धत रुळली आणि आकाराने बेताच्या प्लीहेसाठी हल्ली हाच पहिला पर्याय. घरी साधारण दोन ते चार दिवसांत. प्लीहा प्रचंड मोठी असेल, किंवा पोर्टल दाबामुळे आजूबाजूला फुगलेल्या नसांचं जाळं असेल, तर उघडी शस्त्रक्रिया लागू शकते. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागणं याला सर्जनचं अपयश समजू नका. तो शहाणपणाचा निर्णय असतो, आणि संमतीपत्रावर ते आधीच लिहिलेलं असतं. लहान मुलांत कधी अर्धवट प्लीहा काढतात, म्हणजे जंतूंशी लढणारा तुकडा शिल्लक राहतो.

धमनी बंद करणं, म्हणजे पार्शल स्प्लेनिक एम्बोलायझेशन. शस्त्रक्रियागृहाऐवजी कॅथलॅब (धमन्यांत नळी घालून काम करायची खोली), सर्जनऐवजी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी प्लीहेच्या धमनीत नेतात आणि फांद्यांमध्ये सूक्ष्म कण सोडतात. त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो मरतो, वाळतो. मुळाशी धमनी बंद करून भागत नाही, कारण आडवाटांनी रक्त पोचत राहतं. म्हणून फांद्या गाठाव्या लागतात. साधारण ५० ते ७० टक्के भाग बंद करायचा असतो. कमी केला तर फायदा टिकत नाही, ७० टक्क्यांच्या वर गेलं तर पू होण्यासारखे त्रास वाढतात. काही ठिकाणी हे दोन टप्प्यांत करतात. १९७०च्या दशकात ही कल्पना आली तेव्हा पूर्ण प्लीहा एकदम बंद करत आणि रुग्ण पू होऊन दगावत. अर्धवट बंद करणं आणि प्रतिजैविकांचं कवच, या दोन सुधारणांनी ती वापरण्याजोगी झाली.

सुई घालून उष्णतेने भाग जाळणं, रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्ह, हेही आहे. फार थोड्या ठिकाणी करतात. कुणी सुचवलं तर त्यांनी स्वतः किती केलीत एवढं नक्की विचारा.

पाचवं: मग कुणाला काय?

घरोघरी 'कुठलं बरं' असं विचारतात. बरं असं काही नसतं, आजार तसा उपचार.

स्फेरोसायटोसिसमध्ये आजार जोरात असेल तर प्लीहा काढण्याचा फायदा घसघशीत असतो. पेशी गोलच राहतात, पण फुटणं थांबतं. शक्यतो वयाची सहा वर्षं होईपर्यंत थांबतात, कारण त्याआधी जंतुसंसर्गाचा धोका जास्त. अशा मुलांना बऱ्याचदा पित्ताशयात खडे असतात, तेही त्याच भूलीत निघतात. भाचीचं तसंच केलं. यात एक छोटी गोम आहे: दर दहातल्या एक-दोघांना मूळ प्लीहेशेजारी वाटाण्याएवढी उप-प्लीहा असते. ती राहून गेली तर काही वर्षांनी वाढून आजार परत आणू शकते. सर्जनने ती शोधली का, हे विचारायला लाजू नका.

थॅलेसेमियात नियमित आणि पुरेसं रक्त मिळालं तर प्लीहा फार वाढतच नाही. रक्ताची वर्षाची गरज वजनाच्या हिशेबात फार वाढली तरच काढण्याचा विचार होतो. सिकल सेलमध्ये प्लीहेत अचानक रक्त तुंबून मूल पांढरंफटक पडण्याचे झटके वारंवार येत असतील तर काढतात.

यकृत चांगलं आणि पोर्टल नस बंद, अशा तरुणाला प्लेटलेटपेक्षा रक्ताच्या उलटीपासून वाचवणं महत्त्वाचं. इथे शस्त्रक्रियेचं पारडं जड आहे: प्लीहा काढून तिची नस मूत्रपिंडाच्या नसेला जोडतात, तुंबलेल्या रक्ताला नवी वाट मिळते. लहान मुलांत प्लीहा न काढता यकृताच्या आतल्या नसेशी जोडणी करायची रेक्स शंट ही पद्धतही आहे. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर फक्त प्लीहेची नस बंद झाली असेल आणि जठरातल्या नसा फुगून रक्त जात असेल, तर प्लीहा काढल्याने मूळ प्रश्नच मिटतो.

सिरॉसिसच्या रुग्णात मात्र उलट. भूल, रक्तस्राव, शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी, सगळंच अवघड. शिवाय प्लीहा काढल्यावर पोर्टल नसेत गुठळी होण्याचा धोका असतो, आणि पुढे प्रत्यारोपणाची वेळ आली तर ती गुठळी आणि पोटात एकमेकांना चिकटलेले भाग सर्जनला रडवतात. म्हणून गरज पडलीच तर बऱ्याचदा धमनी अर्धी बंद करणं निवडतात. पण यकृत फारच खचलेलं, कावीळ चढलेली, पोटात पाणी किंवा आत जंतुसंसर्ग असेल तर तेही नको म्हणतात.

दीड वर्षाने अण्णांच्या प्लेटलेट २४ हजारांवर आल्या, पांढऱ्या पेशी १,६००. नाकातून दोनदा एवढं रक्त गेलं की रात्री कॅज्युअल्टीत नेऊन बोळा घालावा लागला. यकृततज्ज्ञ, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एका टेबलाशी बसले आणि एम्बोलायझेशन ठरलं. तुमच्या रुग्णालयात हे तिघं एकत्र बसत नसतील तर तिघांची मतं वेगवेगळी लिहून घ्या आणि एकमेकांना दाखवा. सर्जनला कात्री दिसते, रेडिओलॉजिस्टला नळी. त्यात त्यांचा दोष नाही.

सहावं: तयारी

लसी. दोन्ही उपायांत लसी आधी, शक्यतो किमान दोन आठवडे आधी. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब (तिन्ही कवचवाले जीवाणू), आणि दरवर्षी फ्लू. न्यूमोकोकसचा दुसरा डोस कधी, ते पहिली लस कुठली दिली त्यावर ठरतं. मेनिंगोकोकसची साधारण पाच वर्षांनी पुन्हा. घाईत शस्त्रक्रिया झाली तर दोन आठवड्यांनी द्यायच्या. धमनी अर्धीच बंद करणार तर लस कशाला, असं आम्हाला कुणी म्हणालं होतं. उरलेली प्लीहा किती काम करेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून द्यायच्या.

भाचीच्या वेळी एका खासगी रुग्णालयाने लसी दिल्या, पण डिस्चार्ज कार्डावर कुठली, कोणत्या तारखेला, काही लिहिलं नाही. पाच वर्षांनी आम्ही कुपीवरच्या स्टिकरचा फोटो शोधत बसलो, नशिबाने ताईच्या जुन्या मोबाइलमध्ये निघाला. तुम्ही स्टिकर मागून घ्या आणि वहीत चिकटवा.

दात तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. कॅथलॅबमध्ये कॉन्ट्रास्ट (नसा दिसाव्यात म्हणून टोचलेलं औषध) देतात, म्हणून मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघतात, आणि मधुमेह्यांनी मेटफॉर्मिनचं विचारून घ्यायचं. शस्त्रक्रियेआधी प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या जातात, पण सहसा प्लीहेची धमनी बांधल्यावरच चढवतात. आधी चढवल्या तर गोदामातच जातात. आमचे एक काका 'आदल्या रात्रीच का नाही चढवत' म्हणून वॉर्डात भांडले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

खर्चाचं: महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, आणि प्रक्रियेचं नेमकं नाव दाखवून ती बसते का ते दाखल होण्याआधी विचारा. नुसतं 'प्लीहेचं ऑपरेशन' सांगू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. तिथल्या सोशल वर्करला भेटा, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. केईएम, शीव, नायर, जे. जे. इथे रांग मोठी, पण रक्तपेढी, यकृत, शस्त्रक्रिया असे विभाग एका आवारात असण्याचा फायदा अशा आजारात मोठा असतो. एम्बोलायझेशनमध्ये कॉइल, कण, नळ्या यांचं बिल वेगळं लागू शकतं, ते लेखी घ्या.

सातवं: त्या दिवशी आणि पुढचे पंधरा दिवस

कॅथलॅबमध्ये अण्णा जागे होते, थोडी गुंगी होती. नंतर रेडिओलॉजिस्टने मला पडदा दाखवला. आधीच्या चित्रात धमनी पिंपळाच्या फांद्यांसारखी भरगच्च, नंतरच्या चित्रात खालच्या दोन-तीन फांद्या, बाकी पांढरं. वर पट्टी एवढीशी. नातेवाईक म्हणाले, हे तर काहीच नाही.

रात्री खरं सुरू झालं. डाव्या कुशीत कळ, खांद्यापर्यंत जाणारी. तिसऱ्या दिवसापासून ताप. मेलेला ऊतक शरीर गिळत असतं, म्हणून ताप-कळ-मळमळ हे बहुतेकांना होतंच, काहींना दोन-तीन आठवडे. अण्णांना नऊ दिवस १०१ यायचा. वेदनेमुळे माणूस खोल श्वास घेत नाही, डाव्या फुप्फुसाखाली पाणी साचतं. त्यासाठी श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं ते प्लॅस्टिकचं खेळणं देतात. अण्णा दोन दिवस त्यात फुंकत होते. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, हे सिस्टरने तिसऱ्या दिवशी पाहिलं. ताप उतरून पुन्हा चढला, थंडी वाजली, कळ वाढली, तर प्लीहेत पू झाला असेल. ती वाट बघायची गोष्ट नाही.

प्लेटलेट एक-दोन दिवसांतच वर सरकू लागतात आणि एक-दोन आठवड्यांत शिखर गाठून मग खाली स्थिरावतात. अण्णांच्या ७१ हजारांवर गेल्या, दोन महिन्यांनी ६० हजारांच्या आसपास थांबल्या. शिखराचा आकडा बघून पेढे वाटू नका. उरलेली प्लीहा काही वर्षांत पुन्हा वाढू शकते आणि परत करायची वेळ येऊ शकते.

शस्त्रक्रियेत उलट गणित. भाची दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होती, चौथ्या दिवशी घरी, हिमोग्लोबिन महिन्यात वर. त्रास थोडा, कायमचा फायदा. नंतर प्लेटलेट कधी १० लाखांपर्यंत उसळतात, तेव्हा अ‍ॅस्पिरिन द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात. पोर्टल नसेत गुठळी होऊ शकते, म्हणून पोटदुखी आणि ताप आला तर डॉपलर. स्वादुपिंडाच्या शेपटीला इजा ही आणखी एक शक्यता.

आठवं: ज्याची प्लीहा नाही, त्याच्या घरचे नियम

१०१ च्या आसपास ताप आला की डोलो (पॅरासिटॅमॉल) घेऊन झोपायचं नाही. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या प्रतिजैविकाचा पहिला डोस घ्यायचा आणि थेट कॅज्युअल्टी गाठायची. प्लीहा नसलेल्यांत असा सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) क्वचित होतो, पण झाला तर उपचार मिळूनही निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. धोका पहिली दोन-तीन वर्षं आणि लहान मुलांत जास्त, पण आयुष्यभर राहतो. लहान मुलांना पेनिसिलिनचे रोजचे डोस काही वर्षं देतात. पावसाळ्यातल्या मुंबईत डॉक्टरला 'व्हायरल आहे' म्हणण्याची सवय असते. म्हणून 'प्लीहा नाही' हे शब्द तुम्हीच पहिल्या वाक्यात बोला.

मलेरिया अशा माणसाला जास्त जोरात होतो. मच्छरदाणी, आणि मलेरियाच्या भागात जायचं असेल तर आधी औषध विचारणं. कुत्रा चावला, नुसता ओरखडा आला, तरी रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकही लागतं. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जीवाणू प्लीहा नसलेल्यांना भयंकर पडतो. भाचीच्या कॉलेजच्या फाटकाशी पाच-सहा भटकी कुत्री असतात, तिला रोज आठवण करावी लागते.

तिच्या मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आम्ही मराठी आणि इंग्रजीत एक ओळ टाकून घेतली आहे: 'प्लीहा काढलेली आहे. ताप आल्यास तातडीने प्रतिजैविक.' खाली ताईचा नंबर. मागच्या गणपतीत तिला ताप आला, तेव्हा ती घरी नव्हती, मैत्रिणीकडे होती. मैत्रिणीच्या आईने ती ओळ वाचली आणि कुणाला न विचारता रिक्षा केली.